चोवीस कोअर की चार चॅनल? वास्कोतल्या एका बोट डिझाइन ऑफिसच्या वर्कस्टेशन खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

वास्को बाजूला एक छोटं बोट डिझाइन ऑफिस आहे, सात माणसं, त्यातला मी एक. ऑफिसचं नाव देत नाही, क्लायंटचंही देत नाही, पण बाकी सगळं जसं झालं तसं लिहितोय. आमचं काम म्हणजे छोट्या प्रवासी बोटी, वर्कबोटी, नदीतल्या क्रूझ बोटी. हलचा, म्हणजे बोटीच्या सांगाड्याच्या बाहेरच्या कवचाचा, आकार राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काढायचा आणि मग पाण्यात तो किती रेझिस्टन्स देतो ते ओपनफोम या सॉफ्टवेअरमध्ये सीएफडी (पाण्याच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित) चालवून बघायचं. ओपनफोम फुकट आहे म्हणून आमच्यासारख्यांना जमतं, कमर्शियल सॉल्व्हर (हे गणित सोडवणारं विकतचं सॉफ्टवेअर) घेतला तर बऱ्याच ठिकाणी प्रोसेसरचे जितके कोअर (एकाच वेळी वेगवेगळं गणित करणारे भाग) वापराल तितकं लायसन चढत जातं आणि तिथेच छोटं ऑफिस संपतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत एक काम आलं, उथळ पाण्यात चालणारी प्रवासी बोट. आपल्या मांडवी-झुआरीच्या आतल्या फाट्यांत ओहोटीला पाणी किती उतरतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. उथळ पाण्याचा प्रश्न असा की तिथे लाटेच्या वेगालाच मर्यादा येते, तीन मीटर खोलीला ती साधारण साडेदहा नॉट (ताशी सागरी मैल). बोट त्या वेगाच्या जवळ गेली की रेझिस्टन्स एकदम चढतो, मागचा भाग खाली बसतो, इंजिन कितीही दाबा बोट पुढे जायला मागत नाही. क्लायंटला हवा होता नऊ-दहा नॉट, म्हणजे बरोब्बर त्या धोक्याच्या पट्ट्यात. म्हणून पाच वेग आणि दोन खोल्या, एका हलमागे सीएफडीच्या दहा फेऱ्या, म्हणजे दहा रन, आणि हल एकदाच काढून थोडाच होतो, तीन-चार वेळा तरी बदलतो.

अडचण

सीएफडीचं मशीन होतं कोअर आय९-९९००के, २०१८ चा प्रोसेसर, आठ कोअर, ६४ जीबी डीडीआर४ रॅम. साठ लाख सेलच्या मेशवर, म्हणजे पाणी-हवेचे तेवढे छोटे तुकडे पाडलेल्या जाळीवर, एक रन साधारण तीस तास घ्यायचा. दहा रन म्हणजे तीनशे तास, साडेबारा दिवस, तेही मध्ये लाइट गेली नाही तर. क्लायंटला चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी फायनल लाइन्स, म्हणजे हलच्या आकाराची रेखाचित्रं, हव्या होत्या. हलमध्ये एक बदल केला की पुन्हा बारा दिवस, हे गणित कुठूनही बसत नव्हतं.

पात्रांव, म्हणजे ऑफिसचे मालक, म्हणाले नवीन मशीन घ्या, साडेतीन लाखांत बसवा, पण घेताना नीट बघून घ्या. ते नीट बघणं म्हणजे काय हे ठरवण्यात आमचे चार आठवडे गेले.

मार्च सगळा ऑफिसच्या ग्रुपवर इंटेल विरुद्ध एएमडी, या दोन प्रोसेसर कंपन्यांचा वाद, चालू होता. मी स्वतः एएमडीच्या बाजूने होतो, आमची ज्युनिअर इंजिनिअर इंटेलच्या बाजूने, आणि दोघंही सिनेबेंच या प्रोसेसरच्या टेस्टचे आकडे टाकत होतो. सिनेबेंच वाईट टेस्ट नाही, थ्रीडी रेंडर करणाऱ्याला ती बरोबर उत्तर देते, पण रेंडरिंगचं काम कोअरच्या आत, कॅशेमध्येच (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीत) जास्त चालतं, मेमरीपर्यंत ते फारसं जातच नाही. आमचा सॉल्व्हर दर पायरीला साठ लाख सेलचा दाब, वेग, पाणी-हवेचं प्रमाण सगळं मेमरीतून उचलतो, त्यावर थोडंसं गणित करतो आणि परत ठेवतो. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, पण खरेदीच्या वेळी मी त्याचा विचारच केला नाही.

पर्याय

पहिला, इंटेलचा कोअर आय९-१४९००के. २४ कोअर, ६ गिगाहर्ट्झ, पण त्यातले ८ मोठे आणि १६ लहान. ओपनफोम मेशचे सारखे तुकडे करून प्रत्येक कोअरला एक देतो आणि प्रत्येक पायरीला सगळ्यांचं झाल्याशिवाय पुढे जात नाही, म्हणजे लहान कोअर मागे पडले की मोठे नुसते थांबून राहणार. शिवाय १३ व्या-१४ व्या पिढीचा अस्थिरतेचा प्रश्न २०२४ मध्ये गाजला होता, इंटेलने ऑगस्टमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, वॉरंटीही दोन वर्षं वाढवली, तरी तीस तास सलग फुल लोडवर चालणाऱ्या कामाला तो घ्यायचा जीव होईना. ज्युनिअरने स्वतःच तो बाजूला काढला आणि त्याऐवजी कोअर अल्ट्रा ९ २८५के सुचवला, तो ऑक्टोबर २०२४ चा, २४ कोअर, ८ मोठे १६ लहान हीच मांडणी.

दुसरा, एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स. १६ कोअर सगळे सारखे, ५.७ गिगाहर्ट्झ, ऑगस्ट २०२४ मध्ये ६४९ डॉलरला आलेला. माझा लाडका.

तिसरा, एएमडीचाच थ्रेडरिपर ७९६०एक्स. २४ कोअर, नोव्हेंबर २०२३, लाँच किंमत १४९९ डॉलर, ३५० वॉट, आणि मदरबोर्ड, रॅम सगळंच महाग.

चौथा, इंटेलचा झिऑन डब्ल्यू७-२४९५एक्स. २४ कोअर, २०२३ चा, २१८९ डॉलर. याच मालिकेत १६ कोअरचा डब्ल्यू५-२४६५एक्स पण आहे, तो स्वस्त.

पाचवा, जुना सर्व्हर. एएमडीच्या एपिक ७००२ मालिकेतला प्रोसेसर सेकंडहँड घ्यायचा, आठ चॅनल डीडीआर४. सीएफडीवाले हे करतात आणि पैशांच्या हिशोबात ते चुकीचं नाही. पण सर्व्हरचे पंखे सात माणसांच्या एका खोलीत दिवसभर ऐकायचे आणि बोर्ड गेला तर वॉरंटी नाही, गोव्यात दुरुस्तीला कोणी नाही. पात्रांवनी नको म्हटलं, मला ते पटलं.

सहावा, क्लाउडवर तासाच्या भाड्याने. क्लायंटच्या करारात हलच्या लाइन्स बाहेर न देण्याची अट होती म्हणून हे आम्ही दोन मिनिटांत सोडून दिलं. ते तसं सोडायला नको होतं, पुढे सांगतो.

वळण कुठे आलं

मार्चच्या शेवटी ज्युनिअर म्हणाली, ‘दादा, दुसऱ्यांचे आकडे बघण्यापेक्षा आपल्याच मशीनवर एक, दोन, चार, आठ कोअरवर चालवून बघूया का? आठच्या पुढे कोअर वाढवून फायदा आहे का तेवढं तरी कळेल.’

आमचाच हल, आमचंच साठ लाखांचं मेश, फक्त ठरावीक पायऱ्यांचा छोटा रन. संध्याकाळी सहाला स्क्रिप्ट लावून घरी गेलो, सकाळी नऊला येऊन बघतो तर शेवटचा नुकताच संपला होता. एका कोअरवर ४१० मिनिटं, दोनवर २२२, चारवर १३८, आठवर १२१.

चारावरून आठ केले, कोअर दुप्पट, आणि वाचली फक्त सतरा मिनिटं. तो आकडा बघून दोघंही गप्प झालो. महिनाभर जे कोअर मोजत होतो त्यातले निम्मे आमच्याच मशीनमध्ये जवळजवळ रिकामे बसलेले होते.

कुळागराला (पोफळीच्या बागेला) शिंपण करायला आठ गडी लावले पण विहिरीवर रहाट दोनच असतील तर सहा गडी घागर घेऊन उभेच राहणार, गडी कितीही धट्टेकट्टे आणा. रहाट म्हणजे इथे मेमरी चॅनल, प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधली डेटाची वाट. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरला दोन चॅनल असतात, मग तो आय९ असो की रायझन ९, आणि कोअर आठ असोत की चोवीस.

मेमरीतून सेकंदाला किती डेटा जातो-येतो, म्हणजे बँडविड्थ किती, त्याचा हिशोब सोपा आहे. डीडीआरच्या पुढचा आकडा गुणिले आठ बाइट गुणिले चॅनल. आमचं जुनं मशीन डीडीआर४-२६६६ वर दोन चॅनल, सेकंदाला ४२.७ जीबी. रायझन ९९५०एक्स डीडीआर५-५६०० वर ८९.६. कोअर अल्ट्रा २८५के ६४०० च्या रॅमवर १०२.४. झिऑन डब्ल्यू-२४०० मालिका चार चॅनल डीडीआर५-४८००, १५३.६. थ्रेडरिपर ७९६०एक्स चार चॅनल डीडीआर५-५२००, १६६.४. जुना एपिक आठ चॅनल डीडीआर४-३२००, २०४.८, म्हणजे २०१९ चा प्रोसेसर या एका बाबतीत नव्या सगळ्यांच्या पुढे. हे सगळे कागदावरचे आकडे, प्रत्यक्षात यापेक्षा कमीच मिळतं, पण क्रम कळायला पुरे.

हे वहीच्या एका पानावर लिहिलं आणि इंटेल की एएमडी हा वाद तिथेच संपला, कारण प्रश्न आता दोन चॅनल की चार असा झाला होता.

दुसऱ्यांच्या मशीनवर चाचणी

हिशोबावर साडेतीन लाख लावायचे नव्हते. पणजीत एका ओळखीच्यांचा व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे, त्यांच्याकडे ९९५०एक्स होता. एका रविवारी पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन गेलो आणि तोच रन लावला. आठ कोअरवर ५६ मिनिटं, सोळावर ५१. जुन्या मशीनच्या दुपटीहून जास्त वेगवान, पण वरच्या आठ कोअरनी दिलं काय तर पाच मिनिटं.

थ्रेडरिपर गोव्यात कोणाकडे मिळाला नाही. मुंबईच्या एका व्हेंडरने डेमो मशीनचं एक दिवसाचं रिमोट लॉगिन दिलं, तिथे क्लायंटच्या हलऐवजी आमच्याच एका जुन्या, पूर्ण झालेल्या कामाचा हल नेला आणि तो जुन्या मशीनवरही चालवून प्रमाण काढलं. आमच्या टेस्टच्या भाषेत मांडलं तर आठ कोअरवर ५० मिनिटं, सोळावर ३३, चोवीसवर २९. आठ कोअरपर्यंत रायझन आणि थ्रेडरिपर जवळजवळ बरोबरीने, फरक सगळा त्याच्या पुढे पडतो.

झिऑनची चाचणी कुठेच मिळाली नाही. चोवीस कोअरचा झिऑन थ्रेडरिपरपेक्षा महाग होता, सोळावाला पैशांच्या मानाने चांगला पडला असता असं मला अजून वाटतं, पण न चालवता घ्यायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं.

निर्णय

खरी चर्चा इथे झाली. ९९५०एक्सचं मशीन पावणेदोन लाखांत होत होतं, थ्रेडरिपरचं पावणेपाच. ५१ मिनिटं आणि २९ मिनिटं. म्हणजे दोन रायझन मशीनं साडेतीन लाखांत घेऊन दोन वेग एकदम लावले असते तर दहा रन एका थ्रेडरिपरइतक्याच वेळात, किंबहुना थोडे आधीच निघाले असते! पात्रांवनी हा प्रश्न विचारला आणि तो एकदम रास्त होता.

आम्ही तरी थ्रेडरिपर घेतला, दोन कारणांनी. एक, पुढच्या कामात मेश दोन-अडीच कोटी सेलपर्यंत जाणार होतं, तेव्हा एकच रन लवकर संपणं महत्त्वाचं, दोन वेगळी मशीनं तिथे तितकी कामाची नाहीत. शिवाय डेस्कटॉपला चार रॅम भरल्या की वेग उतरतो, ९९५०एक्सला एएमडीचा अधिकृत आकडा चार रॅमला ३६०० चा आहे, म्हणजे मेमरी जास्त हवी तर बँडविड्थ घालवा. दुसरं, थ्रेडरिपरला रजिस्टर्ड ईसीसी रॅम लागतेच, आणि दिवसेंदिवस चालणाऱ्या रनमध्ये मेमरीची चूक सापडून सुधारली जाणं मला मोलाचं वाटतं. पात्रांवनी साडेतीनचे पावणेपाच केले. ज्यांच्याकडे छोटी मेश आणि खूप रन आहेत त्यांनी दोन रायझनच घ्यावेत, हे मी आजही सांगेन.

राइनोचं काम मात्र नव्या मशीनवर नेलं नाही. मॉडेलिंग बरंचसं एकाच कोअरवर चालतं, तिथे डेस्कटॉप प्रोसेसरच बरा, आणि सॉल्व्हर चालू असताना त्याच मशीनवर कोणी काम करायला बसलं की दोघांचंही नुकसान.

काय केलं, आणि काय अडलं

ऑर्डर एप्रिलमध्ये दिली, मशीन मेच्या मध्यावर आलं. त्याच संध्याकाळी टेस्ट लावली. ५३ मिनिटं.

पुन्हा लावली, ५३. पावणेपाच लाखांचं मशीन पणजीच्या स्टुडिओतल्या पावणेदोन लाखांच्या मशीनपेक्षा हळू. बायॉस (मदरबोर्डची सेटिंग्ज) बघितलं, तापमान बघितलं, रनला प्रत्येक प्रोसेस एकेका कोअरला बांधून चालवलं, काही फरक नाही. मग जॉन मॅककॅल्पिन यांचा स्ट्रीम नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, मेमरीचा खरा वेग मोजणारा, तो चालवला. ८० च्या आतच राहिला. मोबाइलचा टॉर्च लावून बाजूचं झाकण उघडलं तर रॅमचे चार स्लॉट, कूलरच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि प्रत्येक बाजूचा एकेक रिकामा. १२८ जीबी सांगितली होती, व्हेंडरने ६४ च्या दोन कांड्या घातल्या होत्या.

फोन केला तर तो म्हणाला, ‘भाऊ, पुढे वाढवायला जागा ठेवली तुम्हाला.’ वाईट हेतू नव्हता, बाकीच्या गिऱ्हाइकांना तो तेच देत असणार. चूक आमच्या ऑर्डरमध्ये होती, आम्ही १२८ जीबी लिहिलं, ३२ च्या चार असं लिहिलंच नाही. चार चॅनलसाठी एवढा खर्च करून दोन रहाट आम्ही स्वतःच बंद ठेवले होते. आणि ही रजिस्टर्ड रॅम असल्यामुळे मडगावच्या दुकानातून साधी डीडीआर५ आणून बसवायची सोय नाही, ती चालतच नाही. बदलून यायला बारा दिवस गेले. चार रॅम बसवल्यावर स्ट्रीम १३० च्या वर गेला आणि टेस्ट २९ मिनिटांवर आली.

तोवर पाऊस सुरू. जुन्या मशीनचा एक केव्हीएचा यूपीएस नव्या लोडला पुरणार नव्हता, दोन केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस घेतला. पण यूपीएस वीस मिनिटं देतो, जूनमधली लाइट कधीकधी तीन तास येत नाही. म्हणून ओपनफोममध्ये ठरावीक पायऱ्यांनी डेटा डिस्कवर लिहिला जाईल आणि सुरू करताना शेवटच्या लिहिलेल्या वेळेपासून उचलेल असं लावलं, आणि यूपीएस बॅटरीवर गेला की पाच मिनिटांनी रन स्वतःच लिहून थांबेल अशी छोटी स्क्रिप्ट ज्युनिअरने केली. जूनमध्ये तीनदा लाइट गेली, तीनही वेळा नुकसान शून्य. मशीन खाडीकडच्या खिडकीपासून आतल्या भिंतीला आणलं, खारी हवा आणि पावसाळी ओल आमच्या आधीच्या एका बोर्डाचे पिन हिरवे करून गेली होती.

निकाल

तीस तासांचा रन सव्वासात तासांवर आला. दहा रन तीन दिवसांत. शुक्रवारी संध्याकाळी हलमध्ये बदल करायचा, सोमवारी आकडे टेबलावर. चौथ्या हलला तीन मीटर पाण्यातला रेझिस्टन्सचा चढ आटोक्यात आला, बोट थोडी लांब आणि हलकी केली, वेग साडेआठ नॉटवर आणायला क्लायंटलाही ग्राफ दाखवून पटवता आलं. लाइन्स ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दिल्या, चवथीला तीन आठवडे बाकी होते.

वेगळं काय करता आलं असतं

एका रात्रीची स्केलिंग टेस्ट, म्हणजे कोअर वाढवत जाऊन वेळ मोजण्याची, मार्चच्या सुरुवातीला करायला हवी होती. तिला एक पैसा लागला नाही, नवीन मशीन लागलं नाही. ज्युनिअरच्या मनात ती आधीपासून होती असं तिने नंतर सांगितलं, पण आम्ही सीनियर लोक एवढ्या जोरात भांडत होतो की तिला मध्ये बोलता आलं नाही. हे मला रॅमच्या चुकीपेक्षा जास्त लागलं.

क्लाउड आम्ही लाइन्सच्या गुप्ततेसाठी सोडला, पण टेस्टला क्लायंटचा हल लागतच नव्हता. ओपनफोमच्या सोबतच डीटीसी हल नावाचं एक जहाजाचं उदाहरण येतं, ते भाड्याच्या चार-पाच वेगवेगळ्या मशीनवर एका दिवसात चालवता आलं असतं, झिऑनसकट.

ऑर्डरमध्ये रॅम लिहिताना एकूण जीबी नाही, किती कांड्या आणि कुठल्या स्लॉटमध्ये ते लिहायचं. आणि मशीन ताब्यात घेताना स्ट्रीमचा आकडा बघूनच पावतीवर सही करायची, आता आम्ही व्हेंडरला हे आधीच सांगतो.

थांबायला हवं होतं का हाही प्रश्न निघाला. जुलैच्या शेवटी थ्रेडरिपर ९९६०एक्स आला, तेवढ्याच १४९९ डॉलरला, चार चॅनल डीडीआर५-६४००, म्हणजे २०४.८ जीबी. पण आमच्याकडे जुलैपर्यंत वेळ नव्हता, तोवर थांबलो असतो तर काम हातातून गेलं असतं. आमचा बोर्ड बायॉस अपडेट करून तो प्रोसेसर घेतो. फक्त त्याचा फायदा हवा असेल तर चारही रॅम ६४०० च्या लागतील, नुसता प्रोसेसर बदलून आमच्या रनला फार काही मिळणार नाही, आणि पात्रांवना मी तेच सांगितलंय.